बारीक रेघेची अक्षरं: बोडोनी, दिदो आणि त्यांचं कूळ

उभा_काना

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. गेले चार महिने एका कवितासंग्रहाच्या इंग्रजी अनुवादाची मांडणी करतोय, मुखपृष्ठ, आतली शीर्षकं, पानांचे आकडे सगळं माझ्याकडेच आहे. शीर्षकांसाठी बोडोनी नावाचा फॉन्ट घेतला आणि तेव्हापासून डोळे मिटले तरी तीच अक्षरं दिसतात, म्हणून हा धागा.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांनी व्होग किंवा हार्पर्स बझार मासिकाचं नाव डोळ्यांसमोर आणा. उभी रेघ भरदार, आडवी रेघ केसाइतकी, आणि मधलं काही नाहीच. टोकाची सेरिफ म्हणजे पण नुसती एक बारीक सरळ रेघ, खांबाला काटकोनात टेकवलेली. गॅरामंडसारख्या जुन्या वळणाच्या अक्षरात सेरिफ कशी खांबातून फांदीसारखी वळत बाहेर येते, इथे तो कोपरा भरलेलाच नसतो. कॅपिटल ओ ९० पॉईंटला (पॉईंट म्हणजे अक्षराचा आकार मोजायचं माप) काढून भिंतीवर लावलाय, लांबून बघितलं तर तो ओ वाटतच नाही, दोन चंद्रकोरी समोरासमोर उभ्या केल्यासारख्या दिसतात, वरची आणि खालची जोडणारी रेघ जवळ गेल्यावरच कळते. आणि स्मॉल आर च्या टोकाला जो गोळा असतो ना, शाईचा थेंब आता खाली पडेल असा, त्याच्यावर तर माझा जीव आहे.

जामबाटिस्ता बोडोनी हा इटालियन माणूस, १७४० चा जन्म, १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळायला गेला आणि १८१३ मध्ये वारला तोपर्यंत तिथेच राहिला. सुरुवातीला फ्रान्सच्या फूर्निए या अक्षरकाराचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, वापरायचा, हळूहळू स्वतःचे कापायला लागला आणि त्याची बारीक रेघ दर काही वर्षांनी आणखी बारीक होत गेली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये दिदो घराणं याच वाटेवर होतं, फिर्मां दिदोचे या धाटणीचे खिळे १७८० च्या दशकातले. कोणी कोणाकडून उचललं यावर वाद घालण्यात मला फार रस नाही, दोघंही एकमेकांचं काम बघत होते एवढं नक्की. बोडोनीच्या नमुन्यांचं मोठं पुस्तक त्याच्या बायकोने, मार्गेरिताने, तो गेल्यावर १८१८ मध्ये दोन खंडांत छापून पुरं केलं. त्याच्या प्रस्तावनेत अक्षराचे चार गुण सांगितलेत, नियमितपणा, स्वच्छ रेखीवपणा, सुरुची आणि लालित्य. माझ्या मते पहिले तीन मेहनतीने येतात, चौथा मात्र त्या बारीक रेघेत असतो.

आता अडचण. मुखपृष्ठ झालं, मलपृष्ठावर कवयित्रीची ओळख आहे, ती पण त्याच फॉन्टमध्ये टाकली, ८ पॉईंट, गडद निळ्यावर पांढरी. स्क्रीनवर झूम करून बघत होतो त्यामुळे अप्रतिम दिसत होती. छापखान्यातून प्रूफ आलं तर स्मॉल ई ची मधली आडवी रेघ गायब, म्हणजे सगळ्या ई चे सी झालेले. एन आणि यू यांच्यात फरक राहिला नव्हता. खरंच पोटात खड्डा पडला. तर तुम्ही लोक ही अक्षरं कुठे वापरता, किती लहान करता, मजकुराला चालतात का, की फक्त मोठ्या मथळ्यांनाच? सविस्तर लिहा, घाई नाही.

अर्धविराम

सविस्तर लिहिलंत, छान वाटलं वाचून. मी दिवसभर प्रुफं वाचते, त्यामुळे माझं मत वाचणाऱ्याच्या बाजूचं. या प्रकारच्या फॉन्टमध्ये पानच्या पान मजकूर आला की अर्ध्या तासात माझे डोळे दुखायला लागतात. उभे खांब इतके ठळक आणि सारखे असतात की ओळ कुंपणासारखी दिसते, नजर शब्दावर न थांबता गजांवरून घसरत जाते. इंग्रजीत मिनिमम लिहून बघा, एम, आय, एन सगळ्यांचे नुसते खांब, आणि त्यांना जोडणारी जी वरची कमान असते तीच इथे सगळ्यात बारीक. वाचताना आपण अक्षर ओळखतो ते या जोडण्यांवरून ना, आणि त्याच पुसट करून ठेवल्या तर मेंदूला दुप्पट काम. मथळ्याला कितीही वापरा, मला पण आवडतो. मजकुराला नको.

छापील

उभा काना, प्रूफचं वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. माझी उमेदीची वर्षं खिळे जुळवण्यात गेली आणि पुढची ऑफसेटवर.

आधी तुमचं निळं बघू. गडद निळा म्हणजे निदान दोन शाया, सायन आणि मॅजेंटा, आणि दर शाईची वेगळी प्लेट. पांढरं अक्षर म्हणजे शाई नसलेली जागा, ती दोन्ही प्लेटांवर तंतोतंत एकावर एक यायला हवी. रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची ही जुळणी, केसभर सरकलं की एका प्लेटची शाई दुसरीच्या पांढऱ्यात शिरते, आणि तुमची रेघच केसभर आहे, मग राहणार काय. शिवाय शाई कागदावर पडली की थोडी पसरतेच. काळं अक्षर पांढऱ्यावर असेल तर पसरल्याने रेघ जाड होते, म्हणजे तुमच्या फायद्याचंच. पांढरं अक्षर असेल तर तीच शाई चहूबाजूंनी आत येऊन रेघ गिळते. एकच फॉन्ट, एकच मशीन, निकाल उलटा.

हिशोब करून बघा. मथळ्यासाठी काढलेल्या अशा फॉन्टमध्ये, समजा, बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या हजारात १५ भाग आहे. ७२ पॉईंटला ती एक पॉईंटच्या वर येते, ठणठणीत. ८ पॉईंटला येते ०.१२ पॉईंट. साधारण पाव पॉईंटच्या खाली कुठलीच रेघ देऊ नका असं आम्ही सांगतो, आणि उलट्या पांढऱ्या रेघेला त्याच्या दुप्पट तरी मागतो. तुमची रेघ प्लेटवर उतरली हेच पुष्कळ.

आणि एक, ही अक्षरं जन्मली तीच कागद सुधारल्यावर. त्याआधीचा कागद जाळीच्या रेघा उठलेला, खडबडीत, त्यावर इतकी बारीक रेघ तुटायची. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची प्रत काढली, त्यात विणलेल्या तारेच्या जाळीवरचा गुळगुळीत कागद वापरला, शाई स्वतः घोटली, छापलेले ताव गरम पत्र्यांमध्ये दाबून इस्त्री केल्यासारखे काढले. म्हणजे आधी कागद आणि शाई, मग रेघ. धातूच्या खिळ्याला तर ही रेघ म्हणजे जिवावरचं दुखणं, जरा दाब जास्त झाला किंवा खिळा हातातून पडला की पहिली सेरिफ जायची. जुळारी असे खिळे लहान बाळासारखे हाताळायचे.

उभा_काना

छापील काका, ०.१२ पॉईंट! हा आकडा आता टेबलावर चिकटवून ठेवतो. मी ८ पॉईंट बघत होतो, रेघ किती पॉईंटची आहे हे बघायचं डोक्यातच आलं नाही.

अर्धविराम, तुमचं कुंपण अगदी पटलं. पण एक किस्सा सांगतो, तुमचा त्रास खोटा आहे असं मुळीच म्हणायचं नाहीये. काकांनी बास्करव्हिलचं नाव काढलं म्हणून आठवला. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः छापखानेवाला, त्याने १७६० मध्ये बास्करव्हिलला पत्र लिहून कळवलेली ही गोष्ट आहे. एक गृहस्थ त्याला म्हणाले की या बास्करव्हिलच्या बारीक रेघांनी सगळा देश आंधळा होणार. फ्रँकलिनने कॅसलॉन या जुन्या इंग्रज अक्षरकाराच्या अक्षरांचा नमुन्याचा कागद घेतला, वरचं नाव फाडलं आणि बास्करव्हिलचा म्हणून पुढे केला. ते गृहस्थ लगेच एकेक दोष दाखवायला लागले, वाचताना डोळे दुखतात म्हणाले, आणि ती अक्षरं होती कॅसलॉनची, जी ते आयुष्यभर वाचत आले होते. बास्करव्हिल तर आपल्या बोडोनीच्या मानाने अगदीच मवाळ, तरी ही तऱ्हा.

म्हणून मला वाटतं की थोडा त्रास सवयीचा असतो आणि थोडा खराखुरा असतो, आणि खरा जो आहे तो फॉन्टच्या घराण्याचा नसून चुकीचा कट, म्हणजे दुसऱ्याच आकारासाठी काढलेलं रूप, वापरल्याचा असावा. बोडोनी प्रत्येक आकारासाठी वेगळे पंच, म्हणजे खिळ्यांचे मूळ ठसे, कापायचा. लहान आकारातला त्याचा बारीक भाग तुलनेने जाड आहे, अक्षर जरा रुंद आहे, मधली मोकळी जागा जास्त आहे. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेत लिन बॉइड बेंटनचं पंच कापायचं यंत्र आलं आणि एका चित्रावरून सगळे आकार काढणं शक्य झालं, मग फोटोटाईपसेटिंगमध्ये तर एकच निगेटिव्ह लहानमोठी करायची, आणि डिजिटलमध्ये आपण एकच फाईल ओढून ताणतो. आपण ज्याला बोडोनी म्हणून ८ पॉईंटला वाचतो तो बऱ्याचदा त्याचा ७२ पॉईंटचा आवळलेला असतो.

अर्धविराम

किस्सा भारी आहे! पण मग माझ्यासारखीने ओळखायचं कसं की कुठला कट लहानासाठीचा आहे? नावावरून कळतं का?

पिक्सेलकर

बऱ्याचदा कळतं. नावात डिस्प्ले, टायटलिंग, पोस्टर असं असेल तर मोठ्यासाठी, टेक्स्ट किंवा कॅप्शन असेल तर लहानासाठी, आणि कधी थेट आकडाच असतो. आयटीसी बोडोनी १९९४ मध्ये आला, तो करणारे लोक आधी पार्माला जाऊन बोडोनीचं मूळ सामान बघून आले होते, त्याचे तीन कट आहेत, ६, १२ आणि ७२. सहाचा कट मोठा करून बघा एकदा, ओबडधोबड वाटेल, सेरिफ जाड, कोपरे गोलसर. पण ६ पॉईंटला छापला की डोळ्याला तो बोडोनीच वाटतो. जोनाथन हफलरने १९९१ मध्ये हार्पर्स बझारसाठी जो दिदो काढला तो तर या कल्पनेचा कळस आहे, सात वेगवेगळ्या आकारांसाठी सात कट, ६ पासून ९६ पर्यंत, उद्देश हाच की पानावर अक्षर लहान असो की मोठं, बारीक रेघ डोळ्याला तेवढीच बारीक दिसली पाहिजे. म्हणजे अक्षर वाढतं, रेघ वाढत नाही.

स्क्रीनवर काकांचाच हिशोब लावा. हजारात १५ भाग, १६ पिक्सेलच्या मजकुराला रेघ आली ०.२४ पिक्सेल. पाव पिक्सेल रंगवता येत नाही, मग ब्राउझर तो अख्खा पिक्सेल फिकट राखाडी करतो. म्हणजे खांब काळे आणि जोडण्या राखाडी, जे अर्धविरामताई म्हणतायत तेच, फक्त शाईऐवजी उजेडात. १०० पिक्सेलच्या मथळ्याला तीच रेघ दीड पिक्सेल होते आणि एकदम जीव येतो. डार्क मोडमध्ये आणखी पंचाईत, पांढरे खांब डोळ्याला फुगून दिसतात आणि बारीक रेघ विझते, तिथे मी हा प्रकार ४० पिक्सेलच्या खाली वापरतच नाही.

२०१६ मध्ये व्हेरिएबल फॉन्ट आले त्यानंतर हे सोपं झालंय. एकाच फाईलमध्ये ऑप्टिकल साईजचा, म्हणजे आकारानुसार कट बदलणारा, अक्ष असतो, सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी लिहायची भाषा) ऑप्टिकल सायझिंग ऑटोवर असेल तर ब्राउझर आकार बघून आपोआप योग्य कट उचलतो. फुकटात हवा असेल तर बोडोनी मोडा घ्या, ६ ते ९६ पर्यंतचा अक्ष आहे. प्लेफेअर डिस्प्ले सगळ्यांना माहीत आहे पण तो नावाप्रमाणे फक्त मोठ्यासाठी, आणि लोक तो ब्लॉगच्या मजकुराला लावतात! नंतर आलेल्या नुसत्या प्लेफेअरमध्ये ऑप्टिकल साईज आहे, तो वापरा.

निळी_शाई

मी कॅलिग्राफी शिकवते, त्यामुळे मला या अक्षरांत आधी हात दिसतो. सगळे म्हणतात ही अक्षरं पट्टी-कंपासची, यांत्रिक, पण मला तसं वाटत नाही. रुंद टोकाच्या पेनाने लिहिलं की जाड-बारीक हे पेनाच्या कोनावर ठरतं, हात कुठल्या दिशेला गेला एवढंच महत्त्वाचं. टोकदार लवचीक निबचं तसं नसतं, तिथे ठरवतो दाब. खाली ओढताना दाबलं की निबची दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते, वर जाताना किंवा आडवं जाताना दाबता येत नाही, दाबलं तर निब कागदात रुतेल, म्हणून तिथे रेघ बारीक.

आता हे डोक्यात ठेवून कॅपिटल एन बघा. त्याचे दोन्ही उभे खांब बारीक आणि मधला तिरपा जाड, नवीन माणसाला वाटतं चुकलंय. पण हाताने गिरवा, वर गेलात बारीक, तिरपं खाली आलात जाड, परत वर गेलात बारीक. एम मध्ये वर खाली वर खाली, म्हणून बारीक जाड बारीक जाड. यू चा डावा जाड उजवा बारीक, व्ही चं तसंच, ए चं उलटं. झेड तर माझा लाडका, रुंद पेनाचा कोन न बदलता लिहिला तर त्याची तिरपी रेघ बारीक यायला हवी, पण टोकदार निबने खाली ओढत आल्यामुळे ती जाड. सगळं हाताच्या वर-खाली होण्यातून आलंय. म्हणून ओ चा अक्ष पण सरळ उभा, तिरका नाही. विद्यार्थ्यांना मी सांगते की बोडोनी बघायचा नाही, हवेत बोट फिरवत म्हणायचा.

उभा_काना

निळी शाईताई, एन चं कोडं मला खरंच माहीत नव्हतं, आत्ता बोट फिरवून बघितलं आणि बसल्या जागी आनंद झाला. इतके दिवस मी त्याच्याकडे बघतोय आणि मला वाटायचं की सौंदर्यासाठी उलटं केलंय!

एक विचारतो, हाच प्रकार देवनागरीत का जमत नाही मग? मी अनुवादाशेजारी मूळ मराठी कविता पण ठेवतोय, जोडीला काहीतरी हवंय.

निळी_शाई

जमत नाही असं नाही, पण आपल्या अक्षराचं गणितच वेगळं. बोरूची कापणी रोमन पेनाच्या उलट्या तिरकसपणाची असते, त्यामुळे जाडी दुसऱ्या कलाने पडते, आणि उभा काना आणि आडवी शिरोरेखा दोघांनाही चांगलं अंग मिळतं. आता यावर दिदोचा नियम लादा की सगळ्या आडव्या रेघा केसासारख्या. पहिला फटका शिरोरेखेला. जिच्यावर अख्खा शब्द टांगलेला असतो तीच दोरी बारीक झाली, मग लहान आकारात कानेच काने दिसतात आणि शब्द सुटा होतो. त्यात म, भ यांच्या गाठी, जोडाक्षरं, उकार, रफार, इतक्या छोट्या जागेत बारीक रेघा एकमेकींना टेकल्या की नुसता गिचका. मोठ्या मथळ्यात मात्र देखणं दिसू शकतं. रोझा वन बघा, इंडियन टाईप फाउंड्रीचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत आणि दोन्हींत जाड-बारीकचा फरक जबरदस्त. मथळ्याला, दोन-तीन शब्दांना वापरा. कवितेच्या ओळींना तो नको, तिथे तिरो देवनागरी मराठी घ्या, जुन्या छापील पुस्तकांच्या वळणाचा आहे आणि कविता त्यात श्वास घेते.

रिकामी_जागा

सगळ्यांचं वाचलं, माहिती उत्तम आहे, पण माझी तक्रार वेगळी. हे अक्षर आता एका खोलीत बंद झालंय. अत्तर, दागिने, फॅशन, महागडं काहीही असलं की हेच. झाराने २०१९ मध्ये लोगो बदलला, तीच धाटणी, अक्षरं एकमेकांत घुसवलेली. अरमानी, तेच. कुठलंही नवीन दुकान स्वतःला उच्चभ्रू दाखवायला पहिलं हे उचलतं. मग कवितेच्या पुस्तकावर मी ते बघितलं की माझ्या मनात आधी मासिक येतं आणि कविता नंतर. अक्षराला वास लागतो हो, आणि तो काढता येत नाही.

उभा_काना

रिकामी जागा, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण संपादकांनी पण पहिल्यांदा हेच म्हटलं होतं. पण फॅशनचं नातं हे विसाव्या शतकातलं, त्याआधी या अक्षराने काय काय काम केलंय बघा. एकोणिसाव्या शतकात युरोपात विज्ञानाची, कायद्याची, गणिताची पुस्तकं याच घराण्याच्या अक्षरात छापली जायची, फ्रान्समध्ये तर दिदो म्हणजेच पुस्तकाचं अक्षर. ग्रीक लिपीत दिदो घराण्याने खिळे कापले आणि ग्रीक मजकुरात ते वळण आजही साध्या वाचनाचं समजलं जातं, त्यात कोणाला अत्तर आठवत नाही. जर्मनीत यूस्टुस एरिष वालबाऊमने वायमारला जे कापलं ते याच कुळातलं, पण किती घरगुती आणि शांत! लंडनमध्ये रॉबर्ट थॉर्न वगैरे मंडळींनी त्याच सुमारास खांब इतके फुगवले की फॅट फेस नावाचा प्रकारच झाला, भिंतीवरच्या जाहिरातींना, लांबून ओरडून बोलावणारा. म्हणजे एकाच सांगाड्यात कुजबूज पण आहे आणि आरोळी पण.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण, ज्यांनी कोणी गणिताचा किंवा फिजिक्सचा पेपर वाचलाय त्यांनी हेच अक्षर वाचलंय. डोनाल्ड क्नूथने टेक्स या गणिताची पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी जो कॉम्प्युटर मॉडर्न काढला तो मोनोटाईप कंपनीच्या मॉडर्न अक्षरावर बेतलेला आहे, याच घराण्यातला. तिथे तो दागिना नाहीये, समीकरणाच्या शेजारी मुकाट बसणारा आहे. तेव्हा वास लागतो हे खरं, पण तो आकाराला, जागेला, शेजाऱ्याला लागतो. मोठा, काळ्यावर पांढरा, अक्षरं चिकटवून, शेजारी फोटो, तर मासिक. मध्यम आकार, भरपूर मोकळी जागा, खाली दोन ओळी, तर कविता. बोडोनीची स्वतःची पुस्तकं बघा, रुंद समास, ओळींत ऐसपैस अंतर, नक्षी जवळजवळ नाहीच.

छापील

कॉम्प्युटर मॉडर्नचं नाव काढलंत ते बरं झालं. लोक म्हणतात तो फार किडकिडीत दिसतो. त्याचं कारण आमच्या धंद्यात आहे. मूळ खिळा धातूचा होता, कागदावर दाबला की शाई पसरून रेघ जरा भरायची, कापणाऱ्याला ते माहीत असायचं म्हणून तो खिळ्यावर रेघ मुद्दाम बारीक ठेवायचा. आता खिळ्याची रेघ मोजून तशीच डिजिटलमध्ये उतरवली आणि लेझर प्रिंटरवर किंवा स्क्रीनवर दाखवली तर वरची शाई कोण घालणार? जुनं अक्षर डिजिटल करताना खिळा बघायचा की छापलेलं पान बघायचं, यात सगळा फरक पडतो. मी म्हणतो पान बघा. वाचणाऱ्याने खिळा कधी बघितलाच नव्हता.

पिक्सेलकर

काका, हे वाक्य मी आमच्या टीमला वाचून दाखवणार आहे.

दोन_ओळी

नवीन आहे, धागा पूर्ण वाचला. एक साधा प्रश्न, याच्या शेजारी दुसरा कुठला फॉन्ट ठेवायचा? आणि अक्षरांमधली जागा किती? माझं नेहमी काहीतरी भांडल्यासारखं दिसतं.

निळी_शाई

शेजारी एक तर अगदी सारख्या जाडीचा साधा सॅन्स, म्हणजे सेरिफ नसलेला फॉन्ट, ठेवा, नाहीतर त्याच घराण्यातला लहान कट. दुसरा सेरिफ, तो पण थोडा जाड-बारीकवाला, आणलात की भांडण ठरलेलं, कारण दोघंही जवळपास तेच बोलतात पण सूर वेगळा. गंमत म्हणजे अमेरिकेत बोडोनी परत चालता करणारा मॉरिस फुलर बेंटन, त्यानेच फ्रँकलिन गॉथिक काढला, १९०२ चा, आणि ही दोन अक्षरं शेजारी आजही शोभतात. जागेचं म्हणाल तर मोठ्या मथळ्यात स्मॉल अक्षरं जरा जवळ घ्या, सगळी कॅपिटल असतील तर मात्र मोकळी सोडा, आणि आकार लहान होत जाईल तशी जागा वाढवत जा. इटॅलिक वापरून बघा, त्यात कुंपणाचा ताठरपणा जातो आणि निब अगदी उघड दिसते.

उभा_काना

सगळ्यांचे मनापासून आभार, आता काय केलं ते सांगतो. मुखपृष्ठावर बोडोनी तसाच ठेवला, ६४ पॉईंट, फक्त निळ्यासाठी दोन शाया मिसळण्याऐवजी एकच तयार स्पॉट शाई घेतली, म्हणजे काका म्हणाले तो दोन प्लेटांचा प्रश्नच संपला. मलपृष्ठाची ओळख लहान कटमध्ये, ९ पॉईंट, अक्षरांत किंचित जागा, आणि पांढऱ्या पट्टीवर काळी. मूळ कविता तिरो देवनागरीत, तिचा आकार रोमनपेक्षा थोडा वाढवला तेव्हा दोन्ही पानं बरोबरीची दिसायला लागली. कवितांची इंग्रजी शीर्षकं इटॅलिकमध्ये, २४ पॉईंट.

आणि अर्धविराम, तुमच्यासाठी एक वेगळं पान काढलं. अनुवादकाचं मनोगत, पूर्ण पानभर, बोडोनी मोडा, ११ पॉईंट, ऑप्टिकल साईज पण ११ वरच, लीडिंग म्हणजे ओळींतलं अंतर १६. दुसरी प्रत तोच मजकूर, तोच आकार, पण कट ९६ चा. दोन्ही चांगल्या कागदावर छापून पाठवतोय, कुठलं कुठलं आहे ते लिहिलेलं नाही.

अर्धविराम

पानं मिळाली. दोन्ही दिव्याखाली ठेवून सलग वाचली, मधे चष्मा पुसून परत वाचली. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब आहे ते पान मी शेवटपर्यंत वाचलं आणि दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकलेत ते पण सापडले. दुसऱ्यावर तिसऱ्या परिच्छेदात ओळ सुटली, परत वर जावं लागलं. टिंबवालं लहान कटचं असणार.

स्वल्पविराम आठव्या आणि एकविसाव्या ओळीत आहेत, प्लेट काढायच्या आधी बघून घ्या.